वडिलांच्या नावाचं खोटं प्रोफाइल रिपोर्ट करूनही हटत नसेल तर

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा. वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या नावाने आणि फोटोने कुणीतरी फेसबुकवर दुसरं प्रोफाइल उघडलंय आणि माजी विद्यार्थ्यांकडे पैसे मागतोय. एकाने परवा ८,००० रुपये पाठवलेही. चाळीसेक जणांनी रिपोर्ट केलं, पण उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. वडील स्वतः शोधतात तेव्हा त्यांना ते प्रोफाइल दिसतच नाही. पासवर्ड बदलून झाला, आता ते म्हणतात की अकाउंटच बंद करून टाकतो.

आधी शेवटच्या मुद्द्याचं उत्तर: बंद करू नका. खरं अकाउंट गेलं की त्यांच्या नावाचं फक्त खोटंच उरेल. तपासणाऱ्याला तुलना करायला काही राहणार नाही, आणि ओळखीच्या लोकांना सावध करण्याची वडिलांची स्वतःची जागाही जाईल.

पासवर्ड बदलला त्यात तोटा काही नाही, पण या दुखण्यावर तो उपाय नव्हे. इथे दोन वेगळे प्रकार असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. अकाउंट हॅक होतं तेव्हा तुमच्याच अकाउंटमधून मेसेज जातात, तुम्हाला लॉगइन करता येत नाही किंवा अनोळखी फोनवरून लॉगइन झाल्याची सूचना येते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तसं काहीच नाही. त्यांचा उघड दिसणारा फोटो आणि मित्रयादी उचलून कुणीतरी नक्कल केली आहे. त्यांच्या अकाउंटला कुणी हातही लावलेला नाही. त्यामुळे सगळी मेहनत त्या दुसऱ्या प्रोफाइलवर घ्यायची, आणि ती ठरावीक क्रमाने घ्यायची. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत बहुतेक वेळा क्रमच चुकलेला असतो.

सगळ्यात आधी पैसे. ज्या विद्यार्थ्याने ८,००० पाठवले त्याने, म्हणजे त्यानेच, १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करायचा. खातं त्याचं आहे, व्यवहार त्याचा आहे, म्हणून तक्रारही त्याचीच लागते. तुम्ही किंवा वडिलांनी फोन केलात तर बँकेचे तपशील विचारल्यावर अडाल. त्याने हाताशी काय ठेवायचं? व्यवहाराची तारीख आणि वेळ, रक्कम, आपली बँक, पैसे ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यात गेले तो आयडी, आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडला की खाली दिसतो. फोननंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार पूर्ण भरून पोचक्रमांक जपून ठेवायचा. सोबतच स्वतःच्या बँकेलाही कळवायचं.

इतकी घाई कशासाठी, तर गेलेली रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. भामटे ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात किंवा एटीएममधून काढून घेतात. तुमच्याकडे दोन दिवस उलटलेत, तेव्हा आठ हजार परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. तरीही तक्रार करायची, कारण ते खातं नोंदीवर आलं की पुढच्या माणसाचे पैसे अडवले जाण्याची शक्यता वाढते. आणि रक्कम गोठवली गेली तरी ती आपोआप खात्यात परत येत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया असते आणि काही वेळा न्यायालयाचा आदेश लागतो. विद्यार्थ्याला हे आत्ताच सांगून ठेवा. परदेशात असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने तिथल्या खात्यातून पैसे पाठवले असतील तर त्याने आधी आपल्या तिथल्या बँकेला कळवायचं, आणि अमेरिकेत असेल तर एफबीआयच्या आयसीथ्री या पोर्टलवर तक्रार नोंदवायची.

आता प्रोफाइलकडे वळू. वडिलांना ते दिसत नाही याचं कारण साधं आहे: नक्कल करणारा पहिल्या झटक्यात खऱ्या माणसाला ब्लॉक करतो, आणि अनेकदा बायको, मुलं, भावंडं यांनाही. आडनावावरून घरची माणसं ओळखणं अवघड नसतं. म्हणून घरच्यांनी कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही आणि वाटतं, प्रोफाइल गेलं बहुतेक. ते गेलेलं नसतं. ज्यांना रिक्वेस्ट आली आहे अशा एखाद्या विद्यार्थ्याच्या फोनवरून ते बघायचं.

त्या विद्यार्थ्याकडून तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे त्या प्रोफाइलची लिंक. या सगळ्या प्रकरणात लिंकइतकं मोलाचं दुसरं काही नाही. स्क्रीनशॉटवर नाव वडिलांचं, फोटो वडिलांचा, त्यामुळे तो खऱ्याचा की खोट्याचा हे बघणाऱ्याला ठरवता येत नाही. नाव आणि फोटो भामटा दोन मिनिटांत बदलू शकतो. लिंकमागे असतो तो आकडी आयडी मात्र बदलत नाही. मोबाइल ॲपमध्ये प्रोफाइल उघडून तीन टिंबांवर दाबलं की लिंक कॉपी करण्याचा पर्याय मिळतो. हल्ली ॲपमधून ‘शेअर’ हा शब्द असलेली आखूड लिंक येते. ती ब्राउझरमध्ये, शक्यतो कॉम्प्युटरवर, लॉगइन करून उघडा. वरच्या पट्टीत पूर्ण पत्ता दिसेल, बऱ्याचदा शेवटी ‘आयडी’ आणि लांबलचक आकडा. तो जसाच्या तसा कॉपी करा. हाताने टाइप करू नका, एक आकडा चुकला तर तिसऱ्याच माणसाची तक्रार होईल.

त्याच वेळी वडिलांच्या खऱ्या प्रोफाइलची लिंकही काढून शेजारी लिहून ठेवा. चाळीस जणांनी रिपोर्ट केलं म्हणता, तर त्यातल्या काहींनी नाव शोधून जे पहिलं दिसलं तेच रिपोर्ट केलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे खरं अकाउंट. असं वारंवार घडतं, आणि मग ओळखपत्र दाखवण्याची पाळी खऱ्या माणसावर येते. गटावर नुसतं ‘रिपोर्ट करा’ असं कधीही टाकू नका, सोबत खोट्याची लिंक द्या.

लिंक मिळाली की पुरावा जमवा, रिपोर्ट त्यानंतर. हा क्रम उलटा झाला आणि प्रोफाइल हटलं, तर चॅटमध्ये समोरचं नाव आणि फोटो दोन्ही जातात आणि पोलिसांपुढे ठेवायला मोडकंतोडकं काहीतरी उरतं. प्रोफाइलचं पूर्ण पान, फोटोंच्या तारखा आणि चॅट पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत, असे स्क्रीनशॉट घ्या. चॅटमध्ये दिलेला मोबाइल नंबर, क्यूआर कोड, यूपीआय आयडी, जे असेल ते सगळं ठेवा. फोटो कापू नका, वेळ दिसली पाहिजे. चॅट ज्याच्या फोनमध्ये आहे त्याने ते डिलीट करायचं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन व मूळ चॅट महत्त्वाचं ठरतं. पैसे कुणाच्या खात्यात जातात ते बघायला म्हणून एक रुपयाही पाठवू नका. यूपीआय आयडी टाकला की पैसे पाठवण्याआधीच खातेदाराचं नाव दिसतं. ते नाव भामट्याचंच असेल असंही नाही, बऱ्याचदा ते भाड्याने घेतलेलं खातं असतं. म्हणून ते नाव गावभर फिरवू नका, फक्त तक्रारीत द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न: चाळीस रिपोर्ट वाया का गेले? फेसबुक स्वतःच सांगतं की रिपोर्टची संख्या किती यावर निर्णय होत नाही. कोणत्या कारणाखाली आणि कुणी केलं याने फरक पडतो. घाईत लोक ‘स्पॅम’ किंवा ‘दुसरं काही’ निवडतात. मग यंत्रणा त्या प्रोफाइलवर स्पॅम आहे का तेवढंच बघते. वरवर ते साधं प्रोफाइल असतं, चार फोटो, एखादी पोस्ट. मागणी सगळी इनबॉक्समध्ये, तिथे तपासणाऱ्याची नजर जात नाही. उत्तर येतं, नियमभंग नाही.

योग्य मार्ग असा. त्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून रिपोर्ट प्रोफाइल, तिथे खोटं प्रोफाइल किंवा दुसऱ्याचं सोंग घेतल्याचा पर्याय, आणि मग कुणाचं सोंग घेतलंय या प्रश्नाला ‘मित्राचं’ हे उत्तर. त्यानंतर वडिलांचं खरं प्रोफाइल निवडायचं. पर्यायांचे शब्द फेसबुक अधूनमधून बदलतं, पण ‘कुणाचं सोंग’ हा प्रश्न आला नाही तर समजा की तुम्ही चुकीच्या वाटेने गेलात, मागे या. वडिलांचे खरे फेसबुक मित्र असलेल्या चारपाच जणांनी असं नीट केलं तरी पुरे.

त्याहून वजनदार तक्रार खुद्द वडिलांची. ते ब्लॉक असल्यामुळे त्यांना प्रोफाइलवरून रिपोर्ट करता येणार नाही. त्यांच्यासाठी फेसबुकच्या मदत केंद्रात तोतया अकाउंट कळवण्याचा वेगळा फॉर्म आहे. त्यात पूर्ण नाव, ईमेल, खोट्या प्रोफाइलची लिंक आणि ओळखपत्राचा फोटो द्यावा लागतो. ओळखपत्रावर नाव, फोटो आणि जन्मतारीख स्पष्ट हवी. क्रमांक झाकला तरी चालतो, आणि झाकाच. फोटो अंधुक, कडा कापलेल्या, फ्लॅशची चकाकी नावावर आलेली, एवढ्या कारणानेही फॉर्म परत येतो. आणखी एक अडचण आपल्याकडे फार दिसते: प्रोफाइलवर ‘सर’, ‘गुरुजी’, ‘बापू’ असं काहीतरी आणि ओळखपत्रावर तीन शब्दांचं पूर्ण नाव. तसं असेल तर स्पष्टीकरणाच्या जागेत दोन ओळी लिहा की या टोपणनावाने ओळखतात, खऱ्या प्रोफाइलची लिंक ही, ते अमुक वर्षापासून आहे.

इन्स्टाग्रामवर प्रकार असता तर नियम आणखी काटेकोर आहे. तिथे सोंग घेतल्याच्या तक्रारीची दखल ज्याचं सोंग घेतलंय त्याने, किंवा पालकासारख्या अधिकृत प्रतिनिधीने केली तरच घेतली जाते. मित्रांची फौज उपयोगाची नाही.

एवढं करूनही ‘नियमभंग नाही’ आलं तर तिथेच पुनर्विचार मागा, आणि त्याच दिवशी कंपनीच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता, फॉर्म जाहीर करावा लागतो. फार थोडे लोक हा मार्ग वापरतात, पण माझ्या मते सगळ्यात भक्कम मार्ग हाच. त्या नियमांतला ३ (२) (बी) हा भाग थेट इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या तोतयेगिरीबद्दल आहे. नियम आले तेव्हा अशी सामग्री हटवण्याची मुदत तक्रार मिळाल्यापासून २४ तास ठेवली होती, आणि पुढच्या दुरुस्त्यांचा कल मुदती आखडण्याकडेच राहिला आहे. ही तक्रार त्या व्यक्तीच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं, म्हणजे तुम्हीही. मजकूर मोजका ठेवा: खरी लिंक ही, खोटी लिंक ही, खोटं प्रोफाइल अमुक तारखेला लक्षात आलं, त्यावरून पैसे मागितले गेले, ही नियम ३ (२) (बी) खालची तक्रार आहे. मनस्ताप किती झाला हे खरं असलं तरी तिथे लिहू नका, कामाच्या चार ओळी त्यात बुडतात.

तिथूनही उत्तर समाधानकारक आलं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही व्यवस्था २०२३ मध्ये सुरू झाली. अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं, म्हणून उत्तराचा ईमेल आणि तक्रार क्रमांक हरवू नका.

पोलिसांचा भाग वेगळा, तो प्रोफाइल हटण्याची वाट बघत थांबवायचा नाही. राष्ट्रीय पोर्टलवर वडिलांनी स्वतःची तक्रार करायची. सोशल मीडियाशी संबंधित गुन्ह्यांमध्ये खोट्या प्रोफाइलचा उपप्रकार आहे, तो निवडा. म्हणजे तक्रारी दोन होतील: विद्यार्थ्याची आर्थिक फसवणुकीची आणि वडिलांची तोतयेगिरीची. दोन्हींत एकमेकींचा पोचक्रमांक लिहा, नाहीतर त्या दोन वेगळ्या टेबलांवर पडून राहतील. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. पैसे गेलेले असल्यामुळे जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात छापील कागद घेऊन जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ सी आणि ६६ डी इथे लागू होतात, दुसऱ्याची ओळख वापरणं आणि संगणकाद्वारे सोंग घेऊन फसवणं. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ हेही तोतयेगिरीने फसवण्याबद्दलच आहे. ‘आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकायला मिळालं तर हद्द न बघता गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे शांतपणे सांगा. प्रोफाइल तोवर हटलं असलं तरी घाबरू नका. तक्रारीवरून हटवलेली माहिती तपासासाठी १८० दिवस जपणं कंपन्यांना बंधनकारक आहे. पोलिसांना ती मागवता येते, पण मुदत चालू असते, म्हणून महिनाभर वाट बघू नका.

या सगळ्याच्या बरोबरीने आजच एक मेसेज जाऊ द्या, वडिलांच्या खऱ्या प्रोफाइलवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर. साधारण असा: ‘माझ्या नावाने दुसरं खोटं फेसबुक प्रोफाइल चालू आहे. मी कुणाकडेही पैसे मागितलेले नाहीत. त्या प्रोफाइलकडून रिक्वेस्ट किंवा मेसेज आला असेल तर ब्लॉक करण्याआधी त्याची लिंक आणि चॅटचे स्क्रीनशॉट माझ्या मुलाला पाठवा. पैसे गेले असतील तर आत्ता १९३० ला फोन करा.’ खाली तारीख लिहा, कारण असे मेसेज वर्षभर फिरत राहतात. फसलेल्या विद्यार्थ्याचं नाव कुठेही येऊ देऊ नका. शिक्षकांवरच्या जिव्हाळ्यापोटी त्याने पैसे दिले, त्यात लाज वाटावी असं काही नाही. त्याचं नाव उघडं पडलं तर बाकीचे फसलेले गप्प बसतील.

खोटं प्रोफाइल ओळखायचं कसं, हेही तुम्ही विचारलंय. माझा पहिला निकष भाषा. तुमचे वडील विद्यार्थ्यांशी मराठीत बोलतात. नक्कल करणारा बहुतेक वेळा रोमन लिपीतल्या हिंदीत सुरुवात करतो, ‘हॅलो, कैसे हो, कहां हो’. मग मोबाइल नंबर मागतो आणि बोलणं व्हॉट्सॲपवर नेतो. त्यानंतर ठरलेली गोष्ट येते: सीआरपीएफमधला मित्र, त्याची बदली झाली, घरातलं फर्निचर अगदी नवं, स्वस्तात देतोय, तो तुला फोन करेल. किंवा दवाखान्यात आहे, माझं यूपीआय चालत नाही, सकाळी परत करतो. गोष्ट बदलते, पण घाई आणि फोन न उचलणं कायम.

प्रोफाइलमध्ये फोटोंच्या तारखा बघा. पंधरा वर्षांचे फोटो एकाच दिवशी चढवलेले असले तर ते नव्याने रचलंय. फोटोंखाली घरच्यांची एकही प्रतिक्रिया नसते. लिंकच्या पत्त्यातलं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव जुळत नसेल तर बहुधा कुणाचं तरी चोरलेलं जुनं अकाउंट नाव बदलून वापरलंय, आणि अशा वेळी ‘अकाउंट जुनं आहे म्हणजे खरं’ हा आडाखा चुकतो. इन्स्टाग्रामवर ‘या अकाउंटविषयी’ हा पर्याय उघडला की सुरू झाल्याची तारीख, आणि उपलब्ध असेल तर देश व आधीची नावं दिसतात. गूगल लेन्सने फोटो शोधणं अनोळखी ‘सुंदर’ चेहऱ्यांसाठी बरं, पण ओळखीच्या माणसाच्या नकलेत निरुपयोगी, कारण फोटो खराच असतो. निळ्या खुणेवरही विसंबू नका, एक्सवर ती वर्गणी भरून मिळते.

मात्र यातली कुठलीही एक खूण पुरेशी नाही. पासवर्ड विसरल्यामुळे दोन-तीन अकाउंट उघडून बसलेली वडीलधारी मंडळी घरोघरी आहेत. त्यांचं नवं अकाउंट अगदी नकलीसारखंच दिसतं. म्हणून रिपोर्ट करण्याआधी जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन लावून विचारायचं. तुमच्या वडिलांनीही मागे कधी दुसरं अकाउंट उघडलं होतं का, हे आजच विचारून घ्या.

प्रकरण पैशांऐवजी बदनामीचं असेल, बाईचे फोटो जोडून बनवलेले असतील किंवा खाजगी फोटोंची धमकी असेल, तर पैसे देऊ नका आणि पोर्टलवरच्या महिला व बालकांसाठीच्या विभागात तक्रार करा, तिथे नाव न देताही करता येते. खाजगी फोटो पसरू नयेत म्हणून स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा डिजिटल ठसा फक्त सहभागी कंपन्यांकडे जातो. व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर त्यासाठी टेक इट डाउन ही वेगळी सेवा आहे.

एक प्रोफाइल हटल्यावर आठवड्याभरात दुसरं उगवू शकतं, कारण भामट्याकडे फोटो आणि नावांची यादी आधीच आहे. नवी यादी त्याच्या हाती लागू नये म्हणून वडिलांच्या सेटिंगमध्ये मित्रयादी ‘फक्त मी’ अशी करा. फोटो लपवण्यापेक्षा याचा उपयोग मोठा आहे: फोटोने सोंग जमतं, पण पैसे कुणाकडे मागायचे हे मित्रयादी सांगते. प्रोफाइल लॉक करण्याची सोय भारतात २०२० पासून आहे, तीही चालू करा. जमवलेले पुरावे, दोन्ही पोचक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक झाकलेला फोटो आणि तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेला मजकूर एका फोल्डरमध्ये ठेवा. दुसरं प्रोफाइल दिसलं तर फक्त लिंक बदलायची आणि त्याच तासात पाठवायचं.